हिरडीपाशी माप का फाटतं?

प्रश्न : क्राऊनसाठी (दातावरच्या टोपीसाठी) ॲडिशन सिलिकॉन या रबरासारख्या मटेरियलने दाताचं माप, म्हणजे साचा, घेतो. दात छान उमटतो, पण हिरडीलगतची कड कधी फाटते, कधी तिथे बुडबुडे येतात. लॅब माप परत पाठवते. पॉलिइथर हे दुसरं मटेरियल वापरू का?
– एक दंतवैद्य, मुलुंड

उत्तर : मटेरियल बदलायची घाई करू नका. चांगली लाइट बॉडी, म्हणजे सिरिंजने सोडायचं पातळ सिलिकॉन, २० मायक्रॉनची रेघ उमटवते. अल्जिनेट या साध्या माप-मटेरियलकडून ५० मायक्रॉनचीच अपेक्षा असते. तुमच्या मटेरियलमध्ये कुवत आहे, त्याला हिरडीखाली जागा आणि कोरडेपणा मिळत नाही.

कड फाटते कारण तिथला थर फार पातळ असतो. हिरडी दातापासून निदान ०.२ मिमी सरकायला हवी. हिरडी सरकवणाऱ्या एका कॉर्डने (दोऱ्याने) भागत नसेल तर दोन घाला. बारीक, ००० नंबरची तळाशी, ती माप घेतानाही आतच राहते. वर ० किंवा १ नंबरची, रक्त थांबवणाऱ्या ॲल्युमिनियम क्लोराइडमध्ये भिजवलेली. पाचेक मिनिटांनी वरची काढा, पण आधी पाण्याने ओली करून. कोरडी ओढली तर हिरडीचा पापुद्रा तिच्याबरोबर सुटतो आणि रक्त सुरू होतं. मग धुवा, हलक्या हवेने वाळवा आणि लगेच लाइट बॉडी सोडा. हिरडी काही सेकंदांतच मिटू लागते, म्हणून सिरिंज तयार असल्याशिवाय कॉर्डला हात लावू नका. टोक मटेरियलमध्ये बुडालेलंच ठेवून दाताभोवती फिरवा. मध्येच उचललं की हवा अडकते. शेवटी तळाची कॉर्ड आठवणीने काढा.

पॉलिइथर ओलावा थोडा जास्त सोसतं, पण रक्तापुढे तेही हरतं. शिवाय ते ताठ असतं. हलणारे दात किंवा खोल अंडरकट (आत वळलेल्या खाचा) असले तर तोंडातून काढणं अवघड. हिरडीतून रक्त येत असेल तर त्या दिवशी माप घेऊच नका. स्केलिंग करा, टेम्पररी क्राऊनची कड नीट घासा, दोन आठवड्यांनी बोलवा. पेशंट कुरकुरेल, तरी हेच योग्य.

मुंबईच्या उन्हाळ्याकडेही लक्ष द्या. पाकिटावर लिहिलेली काम करायची वेळ बहुधा २३ अंश तापमानाची असते. एसी बंद असेल तर पुट्टी, म्हणजे ट्रेमध्ये भरायचं जाड सिलिकॉन, लवकर घट्ट होऊ लागते, मग ट्रे बसवताना माप ओढलं जातं.

प्रश्न : हाताने मळलेली पुट्टी कधीकधी चिकटच राहते. माल जुना असेल का?
– वाचक, घाटकोपर

उत्तर : तारीख बघा, पण आधी हातमोजे बघा. लेटेक्सच्या (नैसर्गिक रबराच्या) मोज्यांमधलं गंधक ॲडिशन सिलिकॉनच्या प्लॅटिनम कॅटॅलिस्टला, म्हणजे ते घट्ट करणाऱ्या घटकाला, निकामी करतं. पुट्टी नायट्राइलचे मोजे घालून मळा. लेटेक्सचा हात क्राऊनसाठी तयार केलेल्या दाताला किंवा कॉर्डला लागला, तरी नेमकी कडच कच्ची राहते.