४ फुटांचा सेटबॅक आणि उघडी वळचण

तुमची अडचण वाचली आणि लगेच ओळखीची वाटली. कॅलिफोर्नियातला जुना क्राफ्ट्समन शैलीचा बंगला, मागच्या अंगणात ६०० चौरस फुटांचं एडीयू (मुख्य घराच्या आवारातलं छोटं दुसरं घर), हद्दीपासून ४ फूट. शहराच्या बिल्डिंगवाल्यांनी वळचण खालून बंद करायला लावली आणि आता जुन्या घरांचं जतन बघणारे हेरिटेजवाले म्हणतात, हे मूळ घराशी जुळत नाही. आम्हीही इथेच अडकलो होतो. अर्ज, सर्व्हे, फी हे तुमचं झालेलंच दिसतंय, त्यामुळे थेट वळचणीवर येते.

राज्याच्या कायद्याप्रमाणे शहराला एडीयूसाठी बाजूने आणि मागून ४ फुटांपेक्षा जास्त सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून सोडायचं अंतर, मागता येत नाही. म्हणून शहराच्या प्लॅनिंग खात्याच्या खिडकीवर "४ फूट चालतील" असं सांगतात, आणि ते खरंही आहे. पण आगीचे नियम बघणारी खिडकी वेगळी. कॅलिफोर्निया रेसिडेन्शियल कोडचा तक्ता आर३०२.१(१) काढून बघा. स्प्रिंकलर (आग लागली की आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा) नसतील तर हद्दीपासून ५ फुटांच्या आतल्या भिंतीला १ तासाचं फायर रेटिंग, म्हणजे तासभर आग थोपवण्याची क्षमता, लागतं. ३ ते ५ फुटांत खिडक्या-दारं भिंतीच्या २५ टक्क्यांपर्यंतच, ३ फुटांच्या आत अजिबात नाहीत. वळचण २ ते ५ फुटांत असेल तर तिच्या खालच्या बाजूला १ तासाचं रेटिंग, २ फुटांच्या आत वळचणच नको. म्हणजे भिंत ४ फुटांवर आणि वळचण २४ इंचांची असली की तुम्ही अगदी काठावर उभे.

आमच्या ड्रॉइंगवर तपासणाऱ्याने "सॉफिट (वळचणीची खालची बाजू) बंद करा" एवढाच शेरा मारला आणि आम्ही तो मुकाट्याने मान्य केला. सगळ्यात महागात पडलं ते हेच. क्राफ्ट्समन घराची ओळख कमी उताराच्या छपरात आणि बाहेर आलेल्या वाशांच्या टोकांत असते. ती टोकं झाकली की बाकी कितीही जुळवा, मागे गॅरेजच दिसतं. आणि त्याच तक्त्याच्या तळटीपेत सवलत आहे! भिंतीच्या टॉप प्लेटपासून (माथ्यावरच्या आडव्या लाकडापासून) छपराच्या प्लायवूडच्या खालच्या अंगापर्यंत फायरब्लॉकिंग केलं, तर वळचणीच्या खालच्या बाजूचं रेटिंग शून्यावर आणता येतं. म्हणजे दर दोन वाशांच्या मध्ये टू-बायचा (नावापुरत्या दोन इंची लाकडाचा) ठोकळा, वरपर्यंत घट्ट, फट न ठेवता. सुतार सवयीने या ठोकळ्यांना व्हेंटची, म्हणजे हवा खेळायची, भोकं पाडतात. पाडली की सवलत गेली. त्यामुळे छपराला हवा कुठून द्यायची, की व्हेंट नसलेलं इन्सुलेटेड छप्पर करायचं, हे आधीच ठरवा. गेबलच्या (छपराच्या टोकाच्या त्रिकोणी भिंतीच्या) तिरक्या कडेला सवलत हवी असेल तर त्या गेबलच्या भिंतीतही व्हेंट चालत नाही.

एकाच इमारतीत बसणारी ही माणसं एकमेकांशी बोलत का नाहीत, याचा अजूनही राग येतो. एकाच्या शेऱ्याने दुसऱ्याची परवानगी अडते आणि हेलपाटे घरमालकाला.

मी आर्किटेक्ट नाही. शहरं आपापल्या दुरुस्त्या करतात, वणव्याच्या पट्ट्यात उघड्या वळचणीचे नियम आणखी कडक आहेत. तेव्हा तक्त्याचा आणि तळटीपेचा उल्लेख करून ईमेलने विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. जागा असेल तर माझं स्पष्ट मत: भिंत ७ फुटांवर न्या. २४ इंचांच्या वळचणीची कड ५ फुटांवर येते आणि हा सगळा वादच उरत नाही.

हेरिटेजच्या बाजूने एक. मूळ घराची हुबेहूब छोटी नक्कल काढू नका. ऐतिहासिक इमारतींसाठीच्या अमेरिकी केंद्र सरकारच्या, सेक्रेटरी ऑफ द इंटिरियरच्या मानकांतलं नववं मानक म्हणतं की नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू यावं, पण आकार, प्रमाण आणि घडणीत त्याच्याशी जुळावं. पोर्चचे निमुळते खांब मूळ घराकडेच राहू द्या. उचलायचा तो छपराचा उतार, साइडिंगच्या (भिंतीवर बाहेरून ठोकलेल्या आडव्या फळ्यांच्या) पट्ट्यांची रुंदी आणि खिडक्यांचं उभं प्रमाण. साइडिंगची एकच पट्टी मोजू नका. सलग १० पट्ट्यांची उंची घेऊन १० ने भागा, कारण जुन्या कामात दोन पट्ट्या सारख्या नसतात.

खिडक्यांचंही असंच फसतं. जुन्या खिडकीची काच भिंतीत आत बसलेली असते, म्हणून चौकटीची सावली काचेवर पडते. नेलिंग फिनची (चौकटीभोवती खिळे ठोकायची पट्टी असलेली) नवी खिडकी साइडिंगच्या जवळजवळ पातळीत येते आणि भिंत सपाट दिसते. खिडकी आत बसवायचा तपशील ड्रॉइंगमध्ये घाला, आणि आत बसवल्यावर खालच्या सिलला बाहेरच्या दिशेने उतार आणि फ्लॅशिंग (पाणी बाहेर काढणारी पट्टी) हवंच, नाहीतर पाणी तिथेच मुरतं.

ट्रस (छपराचे कारखान्यातून येणारे तयार त्रिकोणी सांगाडे) वापरणार असाल तर ऑर्डर देण्याआधी हीलची, म्हणजे ट्रस भिंतीवर टेकतो तिथली, उंची विचारा. इन्सुलेशनसाठी उंच हीलचे ट्रस देतात, त्याने छप्पर भिंतीवरून उचललं जातं आणि वळचण जाड दिसते. बाहेरची टोकं बारीक हवी असतील तर ती वेगळ्या वाशांची जोडून घ्यावी लागतात, आणि ते स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर आधीच दाखवलेलं लागतं.