गावातल्या गावात फिरायचं? मग पेट्रोलच घ्या

दादा, गाडी पेट्रोलची घ्यावी की डिझेलची, असं विचारलंत ना? तुमचं रोजचं रनिंग जेमतेम पंधरा किलोमीटर, तेही कर्वे रोडच्या सिग्नलांमधून. डिझेलच्या मागे लागू नका. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (म्हणजे धुराच्या कडक नियमांतल्या) डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. शाळा, मंडई, घर एवढ्यात तो तापतच नाही. माझ्या डिझेल गाडीत हा फिल्टर तुंबत आल्याचा पिवळा दिवा ऐन पावसाळ्यात लागला. रात्री बायपासला जाऊन साताऱ्याच्या दिशेने वीस मिनिटं एका लयीत चालवली, तेव्हा कुठे विझला. दर महिन्याला कोण हे करणार? गावी वरचेवर लांबच्या फेऱ्या असत्या, तर मीच डिझेल सुचवलं असतं. आणि आईंचे गुडघे दुखतात म्हणालात ना, त्यांना शोरूमला नेऊन मागच्या सीटवर बसवून बघाच.