म्हशीच्या दह्याची वडी पडते, शेळीचं पळीवाढंच का?

प्रश्न : नमस्कार ताई, माझा मुलगा २ वर्षांचा आहे, गाईचं दूध प्यायला की अंगावर गांधी उठतात, उलटी होते. डॉक्टर म्हणाले दुधातल्या प्रोटीनची ॲलर्जी आहे. सासूबाई म्हणतात शेळीचं द्या, हलकं असतं, घरच्या उस्मानाबादी शेळ्या आहेतच. त्या दुधाचं दही पण पळीवाढंच लागतं, पंढरपुरी म्हशीच्या दह्याची कशी वडी पडते तसं नाही, म्हणजे प्रोटीन वेगळं असणार ना? मग देऊ का?
– एक वाचक, मोहोळ (जि. सोलापूर)

उत्तर : नका देऊ, आधी हे सांगते आणि मग बाकीचं. दह्यावरून तुम्ही बरोबर ओळखलंत, वेगळं आहेच, पण ॲलर्जी टळेल इतकं नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची केसीनं, म्हणजे दुधातली मुख्य प्रोटीनं, इतकी सारखी असतात की गाईचं दूध बाधणाऱ्या १० पैकी साधारण ९ पोरांना शेळीचं पण बाधतं.

आता दही. दूध आंबलं की केसीनचे कण एकमेकांना धरून जाळी करतात. गाईच्या दुधात प्रोटीन सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या ४ च्या वर, त्यात कण मोठे, कॅल्शियम जास्त, फॅट ७ टक्के, मग वडी पडणारच की! शेळीचं प्रोटीन गाईएवढंच, पण त्यातलं अल्फा-एस१ नावाचं केसीन बऱ्याचदा कमी, म्हणून जाळी नाजूक, पोटात पण मऊच गोळा होतो. सासूबाईंचं हलकं ते हेच, त्या काही चुकीचं बोलत नाहीत, फक्त ॲलर्जी ही पचनाची भानगड नाही, शरीराची प्रतिकारशक्ती त्या प्रोटीनलाच शत्रू समजते.

आईच्या दुधात प्रोटीन जेमतेम १ टक्का, आणि गाईच्या दुधाच्या निवळीतलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रोटीन त्यात नसतंच. उंटिणीच्याही नसतं, केसीन पण जरा वेगळं, म्हणून काही ॲलर्जीवाल्या मुलांना ते चालतं, पण डॉक्टरांसमोरच, घरी चव बघायला म्हणून नाही. आणि खिलार गाईचं ‘ए२’ दूध घ्या म्हणून कुणी सांगेल तर, ए१-ए२ हे बीटा-केसीन या केसीनचेच दोन प्रकार, त्यांच्यात २०९ पैकी एका अमिनो ॲसिडचा फरक, ॲलर्जीला तेवढ्याने काय होतंय!

डॉक्टर दूध चालेल म्हणेपर्यंत नाचणी, तीळ, डाळी चालू ठेवा. ताक, पनीर, खवा बंद, आणि बिस्किटाच्या पुड्यावर दूध पावडर किंवा व्हे (दुधाची निवळी) लिहिलंय का तेवढं बघत जा.