पैसे भरलेत, मग ताटात टाकलं तर काय बिघडलं?

प्रिय सई,

रविवारी बुफेहून परतताना गाडीत तू विचारलंस, "आपण सगळ्याचे पैसे भरलेत ना, मग मी दोन गुलाबजाम ताटात टाकले तर आजीला एवढं का लागलं?" आणि त्यालाच जोडून, "आजी म्हणते बुफे परवडत नाही. मग आपण जातो कशाला?" दोन्ही प्रश्न चांगले आहेत. गाडी चालवता चालवता दिलेलं उत्तर अर्धवट झालं असतं, म्हणून लिहून देतोय. सावकाश वाच, एखादा शब्द अडला तर आजीकडे जा.

आधी गुलाबजामचं. आजी तुझ्याएवढी होती तेव्हा महाराष्ट्रात बाहत्तरचा दुष्काळ पडला. त्याआधीची दोन वर्षंही पावसानं ओढ दिली होती आणि १९७२ साली तर तो आला न आल्यासारखाच. आजीचं माहेर बीड जिल्ह्यातलं. विहिरी आटल्या, बैल मिळेल त्या किमतीला विकले गेले. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं. तुझी पणजी खडी फोडायला जायची आणि तिथं वाटल्या जाणाऱ्या सुकडीतली, म्हणजे पिठाच्या कोरड्या खाऊतली, आपली वाटणी पदरात बांधून मुलांसाठी आणायची. रेशनवर मिलो मिळायचा, म्हणजे तांबडी ज्वारी. तो अमेरिकेतून जहाजानं यायचा. त्याची भाकरी लाल, चिवट आणि चवीला बेताची, पण तीच होती.

आपण विचिटाला जातो तेव्हा हायवेच्या दोन्ही बाजूंना तांबूस कणसांची बुटकी पिकं दिसतात ना, तो मिलोच. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी आपल्या या कॅन्ससमध्ये पिकते, आणि इथं ती बरीचशी जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जाते. आजी पहिल्यांदा इथं आली तेव्हा तिनं मला गाडी कडेला घ्यायला लावली होती. कुंपणापाशी गळून पडलेलं एक कणीस उचललं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि एक दाणा दाताखाली धरला. म्हणाली, "हाच तो." मग बराच वेळ काही बोलली नाही.

तेव्हा पैसे भरले म्हणजे अन्नाचा हिशेब मिटला, हे आजीला पटणार नाही. मलाही पटत नाही. पैसे आपण हॉटेलवाल्याला दिले. त्या गुलाबजामात कुणाचं दूध होतं, कुणी तो तळला, कुणी पाकात सोडला, ते सगळं शेवटी कचऱ्याच्या पिशवीत गेलं, आणि ते पैशानं भरून येत नाही. आजी रागावली नव्हती, तिला वाईट वाटलं होतं. यातला फरक तुला कळेल एवढी तू मोठी आहेस.

आता आपल्याकडे जेवायची रीत काय होती ते सांगतो, म्हणजे बुफेत कसं वागायचं ते वेगळं शिकवावं लागणार नाही. लग्नामुंजीत पंगत बसायची. जमिनीवर पाट किंवा लांबलचक पट्ट्या, समोर केळीचं पान, पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. पानाभोवती रांगोळी. वाढायला सुरुवात मिठापासून. मीठ वरच्या बाजूला मधोमध, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. मधे भाताची मूद, तिच्यावर पिवळं वरण आणि वर तुपाची धार. जे चवीपुरतं खायचं ते डाव्या अंगाला, जे जास्त खायचं ते उजव्या हाताशी. पान नुसतं बघितलं तरी कुठला पदार्थ किती खायचा ते कळायचं. जेवणाचं इतकं शहाणं चित्र मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

तूप वाढून झालं, श्लोक म्हणून झाला की सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची. वाढपी वाकून, पण डाव पानाला न लावता, वरूनच पदार्थ सोडायचा. कारण पान उष्टं झालेलं असतं आणि तोच डाव पुढच्या पानावर जायचा असतो. नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा आणि "पुरे" म्हणायचं. समोरचा आग्रह करणारच, जिलबी "एक, फक्त एकच" म्हणत पुढं येणारच. पण हात कुठं आडवा धरायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पानात पडलेलं मात्र संपवायचं. आणि शेजारचा जेवत असताना उठायचं नाही. शेवटच्या माणसाचा दहीभात होईपर्यंत सगळी पंगत थांबते.

बुफेत वाढपी नाही, एवढाच काय तो फरक. तिथं तुझी वाढपी तूच. त्यामुळे वाढप्याची सगळी जबाबदारी तुझ्यावर येते, आणि "पुरे" म्हणायचीही. ताट हातात घ्यायच्या आधी एकदा सगळ्या टेबलाला रिकाम्या हातानं चक्कर मार. शेवटी काय ठेवलंय ते आधी कळलं की सुरुवातीच्या भातानं आणि नाननं ताट भरत नाही. पहिल्या वेळी प्रत्येक गोष्ट चवीपुरती, आवडली तर पुन्हा जायला कुणी अडवत नाही. तू रविवारी चव न घेताच चार गुलाबजाम घेतलेस, गडबड तिथं झाली.

दुसऱ्यांदा जाताना नवं ताट घ्यायचं. तुला वाटतं ही आजीची उगाच शिस्त, पण अमेरिकेच्या अन्नसुरक्षेच्या नियमावलीतही हेच आहे. स्वतः वाढून घ्यायच्या ठिकाणी वापरलेलं ताट घेऊन परत जायचं नाही, कारण त्या ताटाला लागलेला डाव पुन्हा सगळ्यांच्या भांड्यात जातो. पदार्थांवर जी तिरकी काच असते ना, तिचं पेटंट पेनसिल्व्हेनियातल्या जॉनी गार्नो नावाच्या हॉटेलवाल्याला १९५९ साली मिळालं. लोक वाकून वास घेतात, शिंकतात, म्हणून ती काच. तिच्याखाली डोकं घालायचं नाही, ती डोक्याची जागाच नव्हे.

आणि डावाचं एक लक्षात ठेव. पालक पनीरचा डाव चिकनच्या रश्शात गेला की मागून येणाऱ्या शाकाहारी माणसाचं जेवण संपलं. तो बिचारा तोंडानं काही बोलत नाही, निमूट भात-डाळीवर भागवतो. आत्या आली होती तेव्हा हेच झालं होतं. ज्या भांड्यातला डाव त्याच भांड्यात ठेवायचा, आणि चुकीचा पडलेला दिसला तर तिथल्या माणसाला बोलावून बदलून घ्यायचा. यात लाजण्यासारखं काही नाही.

रांगेत पुढच्याला ढकलायचं नाही, हे तुला शाळेत शिकवलंच आहे. शाळेत जे शिकवत नाहीत ते असं की म्हातारी माणसं बरोबर असली तर त्यांनी रांगेत उभं राहायचं नाही. आजोबांना काय हवं ते विचारायचं, त्यांचं ताट आधी आणून द्यायचं, मग आपलं. आणि टेबलावर सगळे येऊन बसल्याशिवाय घास घ्यायचा नाही. बुफेत सगळ्यात आधी विसरलं जातं ते हेच. एक जण सूप पितोय, एकाचं गोड सुरू, एक अजून नानसाठी ताटकळतोय. मग एकत्र जेवायला आलो कशाला?

आता परवडण्याचं. लास व्हेगसला १९४०च्या दशकात एल रँचो व्हेगस नावाच्या हॉटेलनं हवं तेवढं खा असा स्वस्तातला बुफे मांडला, तेव्हा जेवणातून कमाई करायचा त्यांचा विचारच नव्हता. रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाईक जुगाराच्या टेबलापाशी टिकून राहावं, हा हेतू. आपण जातो तिथं जुगार नाही, पण हिशेब तिथंही आहे. भात, नान, डाळ, बटाटा यांना खर्च कमी आणि पोट लवकर भरतं, म्हणून ते हमखास रांगेच्या सुरुवातीला. वाढायला माणसं कमी लागतात, ऑर्डर घ्यावी लागत नाही, टेबलं लवकर मोकळी होतात. एखादा तालीमबाज तीन ताटं चिकन खातो, त्याची भरपाई आपल्या आजीसारखी वाटीभर डाळ खाणारी माणसं करतात. आजीच्या बाजूनं बघितलं तर "परवडत नाही" हे शंभर टक्के खरं आहे.

पण म्हणून पैसे वसूल करायला खायचं, हे मला मुळीच मान्य नाही. दारात पैसे दिले तिथंच ते गेले. चौथं ताट खाल्लं म्हणून ते परत येत नाहीत, वर दुपारभर पोट धरून बसावं लागतं. त्यात मुलांना अर्धे पैसे म्हणून दहाव्या वर्षाचं आठवं सांगणारे आईबाप मी बघितलेत, आणि ते मूल शेजारीच उभं राहून ऐकत असतं. तुझं वय मी काउंटरवर नेहमी खरं सांगितलंय आणि पुढंही सांगेन. पर्समध्ये डबा लपवून न्यायचा नाही, तेही त्यातच आलं. आणि टीप ठेवायचीच. उष्टी ताटं उचलणारा, पाणी भरणारा माणूस तिथंही राबतच असतो.

मग आपण जातो कशाला? घरात चार तोंडांच्या चार तऱ्हा असतात म्हणून. आजीचा उपास असतो, आजोबांना तिखट चालत नाही, तुला पनीरशिवाय काही नको. प्रत्येकाची वेगळी डिश मागवली तर बिल दुप्पट होतं आणि निम्मं उरतं. अशा वेळी बुफे परवडतो, खुशाल जावं. दोघंच असू आणि भूक बेताची असेल तर जाऊ नये, साधा डोसा मागवावा.

आणि गेलो तरी निवड करून खावं. गरम पदार्थ निदान १३५ अंश फॅरनहाइटवर ठेवावे लागतात, नाहीतर त्यात जंतू वाढतात. त्या वाफेच्या भांड्यात रस्सा, डाळ, छोले, राजमा तासभर मुरले की उलट बरेच लागतात. पण भजी मऊ पडतात, नान चामड्यासारखा होतो. जे तव्यावरून किंवा कढईतून थेट पानात पडायला हवं, त्याचा बुफे होऊच शकत नाही. म्हणून आपली भाकरी, पुरणपोळी, उकडीचे मोदक बुफेत खाऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पुरणपोळी तव्यावरून आली, वर तूप विरघळतंय, तर ती पुरणपोळी. पुण्यातल्या श्रेयस किंवा दुर्वांकुरसारख्या ठिकाणी थाळी मिळते ना, तिथं हवं तेवढं खाता येतं पण वाढणारा माणूस फिरत असतो, गरम पोळी मागाल तेव्हा येते आणि आग्रहही होतो. पंगत आणि हॉटेल यांचा तो मेळ मला बुफेपेक्षा कितीतरी जास्त आवडतो. पुढच्या भारतवारीत तुला नेतो.

इतकं वाचून तुला वाटेल की बाबांना पंगतच सगळ्यात भारी वाटते. तसं नाही. पंगतीत कोण कुणाशेजारी बसणार हे जातीवरून ठरायचं. सगळ्या जातींची माणसं एका ओळीत जेवावीत म्हणून रत्नागिरीत १९३०च्या दशकात सहभोजनं मुद्दाम घडवून आणावी लागली. आणि बायकांची पंगत शेवटची. आजी सांगते, पुरुषांच्या पंगती उठेपर्यंत चार वाजायचे, तोवर श्रीखंड संपलेलं, मठ्ठ्यात पाणी वाढवलेलं, आणि वाढून वाढून भूक मेलेली. बुफेनं हे एका फटक्यात मोडलं. ताट हातात घेऊन कुणीही कुणाही शेजारी उभं राहतं, आणि ज्यांनी राबायचं त्या बायका नवऱ्यांच्या बरोबरीनं जेवतात. याचं मोल मी कमी मानत नाही. बुफेवर टीका करणाऱ्या आपल्या मंडळींनी आधी घरातल्या बायकांना विचारावं.

आपल्या महाराष्ट्र मंडळाचं गणपतीचं जेवण मला म्हणूनच आवडतं. रांग बुफेची, पण प्रत्येक पदार्थामागे वाढणारा उभा. बटाट्याची भाजी, पुरी, मसालेभात, कोशिंबीर, श्रीखंड, मठ्ठा. श्रीखंडाच्या ट्रेपाशी जो असतो त्याची कसोटी. पुढच्यांना सढळ हातानं वाढलं तर शेवटच्या टेबलाला ट्रे खरवडून द्यावा लागतो, आणि शेवटी उभी असतात ती नेहमी स्वयंपाकघरात राबलेली माणसं. म्हणून तो आधी रांगेच्या टोकापर्यंत नजर टाकतो आणि मग डाव भरतो.

या वर्षी तुझं नाव कोशिंबिरीवर लावलंय. चमचा ताटाला लावू नकोस, वरून सोड. पहिल्यांदा थोडीच वाढ, "अजून हवी का?" असं मराठीत विचार, आणि लहान मुलांना विचारल्याशिवाय वाढू नकोस, त्यांच्या ताटात ती उरते. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या जोशीकाकूंचं ताट रांगेच्या आधी लावायचं, ते तू घेऊन जा. मठ्ठ्यावर मी आहे, तुझ्या शेजारीच.

तुझा,
बाबा