तुझ्या मूनस्टोनच्या अंगठीबद्दल

तू स्वतः बनवलेल्या अंगठीचे फोटो पाहिले, तिन्ही. आधी हे सांगतो की बँडचं, म्हणजे बोटाभोवतीच्या कड्याचं, फिनिशिंग खरंच छान झालंय, कानशीची एकही रेघ दिसत नाहीये आणि बनवलेल्या दुसऱ्याच अंगठीत हे जमणं सोपं नाही. पण मूनस्टोन तू चार बारीक प्राँगमध्ये (खडा धरणाऱ्या तारेच्या नख्यांमध्ये) बसवलायस तिथं मी थांबलो, त्यावरच जरा सविस्तर लिहितो.

तू आधी चित्र काढलंस आणि मग त्यात बसेल असा खडा शोधलास ना? सुरुवातीला सगळे असंच करतात, मीही करायचो. पण अंगठी हा सगळ्यात जास्त मार खाणारा दागिना आहे, कानातलं किंवा पेंडंट नुसतं लटकत असतं पण हात दिवसभर दाराच्या कडीला, भांड्याला, टेबलाच्या कडेला आपटत असतो. त्यामुळे आधी खडा हातात घ्यायचा, तो किती कठीण आहे, कुठून फुटू शकतो, उजेड कुठून आत गेला की तो चांगला दिसतो हे बघायचं आणि मग पेन्सिल उचलायची.

मूनस्टोनचा कठीणपणा मोह्सच्या मापात (खनिजांचा कठीणपणा सांगणारी 1 ते 10 ची पट्टी) 6 ते 6.5. साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा 7, म्हणजे नुसती धूळ पुसता पुसता सुद्धा हळूहळू चरे पडतात. शिवाय मूनस्टोनला आतून दोन दिशांना सरळ चिरण्याची सवय असते, प्राँग दाबताना एका बाजूला जोर जास्त झाला तर तिथंच चीर जाते आणि बारीक प्राँग कपड्यात अडकून उचकटतो ते वेगळंच. माणिक, नीलम 9 चे, त्यांना प्राँग चालतात. टोपाझ 8 चा असला तरी तोही एका दिशेनं फुटतो म्हणून तिथं जपून. ओपल, पिरोजा, मूनस्टोन यांना मात्र पूर्ण गोल कोंदणच दे, चारही बाजूंनी कड झाकणारं.

कोंदणाची पट्टी शुद्ध चांदीची घे, 925 ची नको. 925 मध्ये 7.5 टक्के बहुतेक वेळा तांबं असतं त्यामुळे ती कडक असते, शुद्ध चांदी मऊ, खड्यावर अलगद वळते आणि तापवल्यावर काळी पण पडत नाही. जाडी 0.3 मिमीच्या आसपास पुरते. उंची किती ठेवायची हे खडाच सांगतो, त्याचा घुमट जिथून आत वळायला लागतो त्याच्या थोडंसं वर, बस. जास्त ठेवलीस तर खडा विहिरीत पडल्यासारखा दिसतो आणि वर वळवताना पट्टीला सुरकुत्या पडतात. बसतोय का बघताना खड्याखाली एक दोरा आडवा ठेव, नाहीतर खडा आत अडकतो आणि मग तो काढताना सगळी मेहनत वाया (माझा एक ओपल असाच गेला, टोकदार चिमट्यानं उचकटायला गेलो आणि कडेचा टवका उडाला, अजून वाईट वाटतं).

आता डाक, म्हणजे जोड सांधायला वितळवतो तो धातू. तुझ्या जोडात मागच्या बाजूला डाकेचा गोळा दिसतोय, म्हणजे फट होती आणि ती तू डाकेनं भरायला गेलीस. डाक फट भरत नाही गं, ती दोन कडा एकमेकींना टेकलेल्या असतील तरच त्यांच्यामधून पळते. जोड उजेडासमोर धर, उजेड पलीकडे दिसला तर परत कानस मार. आणि डाक उष्णतेच्या मागं जाते म्हणून ज्योत डाकेवर नाही तर सगळ्या तुकड्यावर फिरव, कोंदण तळाला जोडताना तर जाड तळच तापव, पातळ पट्टीवर ज्योत रेंगाळली की ती डोळ्यादेखत कोसळते. पहिला जोड हार्ड डाकेनं, पुढचे मीडियम, इझीनं, त्या क्रमानं कमी तापमानाला वितळतात, म्हणजे आधीचे सुटणार नाहीत. डाक कॅडमियम नसलेलीच घे, त्याचा धूर फुप्फुसाला फार वाईट, आणि खिडकी उघडी. डाक लावून झाल्यावर साफ करायला ॲसिडमध्ये टाकताना लोखंडी चिमटा नको, तांब्याचा घे, नाहीतर चांदीवर तांब्याचा गुलाबी थर चढतो.

खडा सगळ्यात शेवटी. डाक, ॲसिड, घासणं सगळं उरकल्यावर. त्याआधी एक कर, कोंदणाचा तळ आतून काळा करून बघ, मूनस्टोनची निळी झाक गडद पाठीवर खूप उठून दिसते आणि तुझ्या खड्यात ती झाक आहे, फोटोत पण कळतीये. मग पट्टी वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून अशी समोरासमोर थोडी थोडी दाब, एका टोकापासून गोल फिरत जाऊ नकोस, शेवटी जास्तीचा पत्रा एका जागी गोळा होतो.

मापाचं विचारलं होतंस, बँडसाठी पत्रा किती लांब कापायचा ते. आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले 3.14. 17 मिमी व्यास आणि दीड मिमी पत्रा असेल तर 58 मिमीच्या जरा वर. तू जाडी धरलीच नाहीस म्हणून घट्ट झाली. आणि तुझा बँड रुंद आहे, रुंद बँड बोटाला जास्त धरतो, तेव्हा अर्धा साइज वाढवच.

या अंगठीचे प्राँग हळूच उघडून खडा काढून घे, बँड ठेव, तो चांगला झालाय, त्याच्यावरच नवीन कोंदण बसव. झालं की फोटो पाठव पण या वेळी एक बाजूनं काढलेला पण असू दे, वरून काढलेल्या फोटोत कोंदणाची उंची कळत नाही.