घरच्या पत्रांचा भरवसा

प्रश्न : व्हिक्टर झाकमाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने रणजितसिंहाच्या मुलखातून घरी धाडलेली पत्रे नुकतीच वाचली. सरहद्दीवर बंडाळी चालू असताना इतक्या खेळकर सुरात लिहिणाऱ्या माणसाला इतिहासाचा साक्षीदार मानावे काय?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : जरूर मानावे, मात्र पत्र कोणासाठी लिहिले आहे याचा विसर पडू देऊ नये. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने 1828 मध्ये हिंदुस्थानात पाठवलेला हा तरुण 1831 च्या मार्चमध्ये लाहोरला पोहोचला, तेव्हा सतलज ही कंपनी सरकार आणि शिखांचे राज्य यांच्यातली हद्द ठरून बावीस वर्षे झाली होती. वायव्येकडे मुस्लिम धर्मनेते सय्यद अहमद बरेलवी यांची शिखांशी झुंज चालू होती. 6 मे रोजी बालाकोटला ते मारले गेले, आणि त्याच सुमारास झाकमाँ श्रीनगरात दाखल होत होता.

तिकडे जाताना वाटेत एका डोंगरी किल्ल्याच्या किल्लेदाराने त्याला अडवून पैसे मागितले. आपण त्या माणसाशी किती तोऱ्यात बोललो, महाराजांच्या रोषाचा धाक कसा घातला आणि मागितल्यापेक्षा बऱ्याच कमी रकमेवर सुटका कशी करून घेतली, हे त्याने मोठ्या चवीने लिहिले आहे. या तोऱ्यातला काही भाग घरच्यांना धीर देण्यासाठी असावा, असे आम्हांस वाटते. पण बढाई वजा केली तरी एक गोष्ट उरतेच : खुद्द रणजितसिंहाचे अभय घेऊन निघालेल्या पाहुण्यालाही त्याच्याच राज्यात खंडणी मोजावी लागली. लाहोर दरबाराचा हुकूम डोंगरात कुठवर चालत होता, हे दरबारी कागदांपेक्षा या पत्रातून अधिक स्वच्छ कळते. बाकी रणजितसिंहाने नेपोलियनपासून स्वर्ग, नरक आणि सैतानापर्यंत विचारलेल्या प्रश्नांचे वर्णन मुळातूनच वाचावे. या राजाच्या चौकस बुद्धीपुढे झाकमाँची थट्टाही थोडी नरमते.

आपल्याकडच्या वाचकाला शेवटचे पत्र अधिक जवळचे वाटेल. पुण्यावरून मुंबईला येताना तो यकृताच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. 1 डिसेंबर 1832 रोजी त्याने मुंबईहून भाऊ पॉर्फिर याला पत्र लिहिले, तेही उताणे पडून, कारण उठून बसण्याचे त्राण नव्हते. परमुलखात एकाकी मरणाऱ्या माणसाची कल्पना घरच्यांना किती छळेल हे ओळखून, परके इंग्रज आपली सख्ख्यांसारखी शुश्रूषा करीत आहेत, हे त्याने आवर्जून कळवले. इथेही धीर देणे आहेच, पण मरण जवळ आल्याचे त्याने लपवलेले नाही. 7 डिसेंबरला वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो वारला. त्या काळी टपाल जहाजाने जाई, त्यामुळे हे पत्र अजून वाटेतच होते.