वडील ७८ वर्षांचे, खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशनला नाही म्हणतायत. मुलांनी सही केली तर चालेल का?

नुसतं वय झालं किंवा नाही म्हणाले म्हणून त्यांचा निर्णय तुमच्याकडे येत नाही. २००८ च्या समीरा कोहली केसमध्ये (तिथे ऑपरेशनला पेशंटऐवजी तिच्या आईने सही केली होती) सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय, पेशंट शुद्धीवर आणि समजदार असेल तर संमती त्याचीच, इमर्जन्सी सोडून आईची सहीसुद्धा चालत नाही.

आता समज आहे की नाही हे डॉक्टर कसं बघतात, तर चार गोष्टी: सांगितलेलं कळलं का, ते आपल्यालाच लागू आहे हे पटलं का, हो-नाहीचं कारण देता येतं का आणि निर्णय स्पष्ट सांगता येतो का. आज तारीख कोणती, पंतप्रधान कोण, एवढ्यावर ठरत नाही हो, आमच्याकडे बऱ्याच म्हाताऱ्यांना वार कळतो तो बाजाराच्या दिवसावरून.

आणि भाषा! इंग्रजीमिश्रित पुणेरी मराठीत विचारलं की म्हातारं माणूस नुसतं मान हलवतं, तेच अहिराणी बोलणाऱ्या सिस्टरने "डाक्टर काय सांगी गयात?" विचारलं की सगळं धडाधड बाहेर येतं. कानाचं मशीन, चष्मा घरी राहिला असेल तर आधी आणा.

संध्याकाळी बरळतात आणि सकाळी ठीक असतात असं होत असेल तर डेलिरियम (आजारपणात अचानक येणारा, कमी-जास्त होणारा डोक्यातला गोंधळ) असू शकतो, सोडियम, इन्फेक्शन, लघवी तुंबणं, पेनकिलर हे तपासायला सांगा आणि सकाळी परत विचारा. खुब्याला फार दिवस थांबणं बरं नाही, म्हणून आजच बोला. आणि नाही का म्हणतायत ते विचारलंत का? कधी कधी शेत विकायला लागेल एवढीच भीती असते.